दुखायचा थांबलेला दात

खराळवाडी, पिंपरी
ता. ६ फेब्रुवारी १९८०

अस्सलामु अलैकुम.

इकडे सगळे खुशाल. तुम्हीही तिकडे अबुधाबीत खुशाल असाल, वाळूनं धरलेला खोकला कमी झाला असेल अशी आशा करते. हे वाक्य मी पाच वर्षं लिहितेय. आता लिहावं लागत नाही, हातच लिहून मोकळा होतो.

पण हे पत्र घरचं नाही, माझं आहे. केसरबाईंच्या घरात बसून लिहितेय. आपल्या भिंतीला लागून त्यांची भिंत, त्यांचे कोंडीराम पेनिसिलिनच्या कंपनीत आहेत, तुम्हाला आठवत असतील. त्या भाजीला गेल्यात. जाताना म्हणाल्या, “दार लोटून घे अन् लिव्ह निवांत. तुज्या सासूनं इचारलं तर सांगीन, माज्याकडं शेवया वळाया आलीय.” त्यामुळे घरी जाताना थोड्या शेवया हातात घेऊन जावं लागेल.

तुमचं पत्र मागच्या आठवड्यात आलं. नेहमीसारखं जहीरभाईंनी मोठ्यानं वाचलं, आम्ही सगळे ऐकायला बसलो. एप्रिलमध्ये तुमचं ॲग्रीमेंट संपतंय, कंपनी आणखी दोन वर्षांचं देतेय, मार्चअखेर हो की नाही ते कळवायचंय, हे सगळं वाचून झालं. आणि मग शेवटची ओळ. “सही करू की परत येऊ, हे शमीमने स्वतः लिहावं.” ती जहीरभाईंनी वाचली. आपल्या धाकट्या भावाचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, गॅरेजमध्ये पलीकडच्या रस्त्यापर्यंत ऐकू जातो. तो एकदम खाली आला. अम्मी म्हणाल्या, “लिख ना बेटी, किसने रोका हाय?” आणि अडकित्ता घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या.

आता त्या शेजारी बसल्यावर मी काय लिहिणार? तुम्हीही कमाल करता. पाच वर्षांत पहिल्यांदा बायकोला काही विचारलंत, ते सगळ्या घराच्या देखत.

मी तक्रार करत नाही. आपल्या घरात पत्र असंच लिहितात. अम्मी सांगतात, जहीरभाई मध्येच गॅरेजचं काहीतरी घालतात, कुणी शेजारपाजारचं आलं असेल तर त्याचा सलाम, आणि मी मंचरच्या शाळेत मॅट्रिक झालेली म्हणून अक्षर माझं. तसंच याही वेळी लिहिलं. ते पत्र सोमवारी टपालात पडलं. त्यात लिहिलंय की शमीमचंही म्हणणं हेच आहे, सही कर, दोन वर्षं म्हणता म्हणता निघून जातील. चाकणला नाशिक रस्त्यालगत जहीरभाईंनी जागा बघितलीय, दुसरं गॅरेज तिथं टाकायचंय. त्यात खोटं काही नाही. जागा खरंच चांगली आहे. मी स्वतः टेम्पोत बसून बघून आलेय. शेजारी कांद्याचे ढीग आणि समोर ट्रकांची रांग. आज ना उद्या तिकडंही कारखाने येणार म्हणतात.

फक्त “शमीमचंही म्हणणं” हे दोन शब्द लिहिताना मी वर बघितलं, आणि अम्मींनी सुपारी कातरत मान हलवली. मी लिहून टाकलं. मला काही वाटलं नाही. हे तुम्हाला कळवायलाच हवं, की मला काहीही वाटलं नाही.

आता बाकीच्या बातम्या. गॅरेजमध्ये नवा कॉम्प्रेसर आलाय. त्याच्या आवाजानं अम्मींची दुपारची झोप गेली, पण त्या कौतुकानं सगळ्यांना सांगतात. थेरगावच्या तुमच्या मावशी मदिनाबी पडल्या होत्या, आता हिंडतात फिरतात. अम्मींना तुम्ही पाठवलेला स्वेटर फार आवडला. इकडे थंडी संपत आली असली तरी अंगातून काढत नाहीत.

आणि माझा एक दात काढला. खालची डावी दाढ. फार काही नाही.

फार काही नाही असं लिहिलं आणि खिडकीतून बघत बसले. मग वाटलं, केसरबाईंच्या घरात चोरून बसून जर हेच लिहायचं असेल तर आपलं घर काय वाईट होतं?

तर मग ऐका. नोव्हेंबरात माझा गळा सुजला. आधी जबडा, मग हनुवटीखाली, मग जिभेखाली. तोंड उघडेना. पाणी गिळता येईना. अम्मींनी हळद लावली, केसरबाईंनी गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी श्वास घेताना घशात शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा जहीरभाईंनी दुरुस्तीला आलेली कुणाची तरी अँबॅसडर न विचारता बाहेर काढली आणि मला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. कासारवाडीचं फाटक बंद होतं. जहीरभाई खाली उतरून फाटकवाल्यावर ओरडत होते. मी मागच्या सीटवर अम्मींच्या मांडीवर डोकं ठेवून छताकडे बघत होते. आपण मरतोय असं मला स्पष्ट कळत होतं. भीती वाटली नाही. छताचं कापड फाटलंय, एवढंच मनात आलं.

जबड्याखाली कापून पू काढला, रबराची नळी घातली, दाढ काढली. दोन आठवड्यांच्या वर तिथं होते. अम्मी हलल्या नाहीत. चमच्यानं पेज भरवायच्या, माझी वेणी घालायच्या, रात्री खाटेखाली चटई टाकून झोपायच्या. माझी आई असती तर याहून जास्त तिनं काय केलं असतं? म्हणून सांगते, त्यांच्यावर रागावू नका. तुम्हाला कळवायचं नाही हे त्यांनीच ठरवलं. “उसकू नक्को बता. दर्या के पार हाय पोरगा, क्या करेगा? जीव जाळत बसंल.” डिसेंबरचं पत्र आठवतंय? “शमीमची तब्येत उत्तम, तिचं वजन वाढलंय.” ते लिहिताना माझ्या हनुवटीखाली पट्टी होती. अक्षर जरा तिरकं आलं होतं. तुम्ही उत्तरात लिहिलंत, वजन वाढलं ते बरं झालं. अम्मी हसल्या, आणि मीही हसले.

दवाखान्यात दातांच्या एक डॉक्टर होत्या, देवचके बाई. माझ्याहून चारदोन वर्षांनी मोठ्या असतील. तोंडाच्या फटकळ, पण हात हलका. त्यांनी एक्स-रे खिडकीसमोर धरून मला दाखवला. दाढेच्या मुळाच्या टोकाला एक काळं वर्तुळ होतं, वाटाण्याएवढं.

“हे किती वर्षांचं आहे?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “दाढ पाच वर्षांपूर्वी दुखली होती. मग आपोआप थांबली.”

“आपोआप थांबली म्हणजे आतली नस मेली. बरं झालेलं दुखत नाही, बाई, आणि मेलेलंही दुखत नाही.”

मी विचारलं की नस मेली तर मग इतकी वर्षं आत चाललं होतं काय? त्यांना वेळ नव्हता, तरी खाटेवर बसल्या. मला वाटतं, दुखलं किती हेच सगळे सांगतात, आत काय चाललं होतं हे विचारणारं त्यांना फारसं भेटत नसावं.

त्या म्हणाल्या, दाताच्या मधोमध मुळापर्यंत बारीक नळी असते. नस मेली की ती पोकळ. किडीतून जंतू त्या नळीत शिरतात आणि मुळाच्या टोकातून खाली जबड्याच्या हाडात उतरतात. हाडात रक्त खेळतं. तिथं शरीराला कळतं की परकं कुणीतरी आलं. लगेच तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर पडून तिकडे धावतात. जंतू दिसला की गिळतात, आणि गिळून स्वतःही मरतात. आपण ज्याला पू म्हणून नाक मुरडतो, ती बरीचशी त्यांची मढी. मागून दुसऱ्या येतात. त्यांतल्या काही त्या जंतूची ओळख पटवून घेऊन नेमकं त्यालाच लागू पडेल असं औषध तयार करतात. आणि हाड मागे सरतं. ते वर्तुळ काळं दिसतं ते तिथं हाड उरलं नाही म्हणून. लढायला जागा हवी, म्हणून शरीर स्वतःचं हाड विरघळवतं आणि भोवती मांसाची भिंत घालतं. जंतू पुढं जाऊ नयेत यासाठी.

“मग एवढं करून ते मरत का नाहीत?”

“कारण त्यांचा मुक्काम नळीत. तिथं रक्तच जात नाही. तुमच्या पेशी दारापर्यंत जातात, आत शिरता येत नाही. बाहेर पडतो तो जंतू मरतो, आतला मरत नाही. अशी वर्षानुवर्षं चालते लढाई. ना ते जिंकत, ना तुम्ही. आणि माणूस म्हणतं, मला काही त्रास नाही.”

मी ते काळं वर्तुळ बघत बसले. माझ्याच हाडात, मला न विचारता, इतकी वर्षं कुणीतरी माझ्यासाठी मरत होतं. रडू यायला हवं होतं बहुतेक. आलं नाही.

मग त्यांनी गोळ्यांचं विचारलं. ते सांगितल्यावर जे बोलल्या ते सगळं लिहीत नाही. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्या पिंपरीत पेनिसिलिन म्हणजे घरचीच वस्तू. वर्षातून दोनदा माझा गाल सुजायचा. केसरबाई आपल्या घरच्या उरलेल्या गोळ्या आणून द्यायच्या. “अगं, कंपनी आमची, गोळी आमची, घाबरतीस कशापायी?” दोन दिवस घ्यायच्या, सूज उतरली की उरलेल्या पुढच्या वेळेसाठी मसाल्याच्या डब्यात. कोंडीरामभाऊ दिवसभर ते औषध बनतं तिथं काम करतात, त्यांच्या घरचं चुकेल असं मनातही आलं नाही. देवचके बाई म्हणाल्या, “तुम्ही पिंपरीचे लोक पेनिसिलिन बत्ताशासारखं खाता. अहो, औषध रक्तातून जातं. जिथं रक्त जात नाही तिथं ते कसं पोचणार? बाहेरची सूज तेवढी उतरली, आतलं बिऱ्हाड तसंच. आणि त्यात तुम्ही दोन दिवसांत गोळ्या बंद करणार.” शेवटी तेच पेनिसिलिन सुईनं दिलं तेव्हा मी वाचले. पण आधी कापावं लागलं, आणि दाढ काढावी लागली. हे केसरबाईंना कळलं तेव्हा त्या माझ्या खाटेशी येऊन ढसाढसा रडल्या. मीच त्यांना पाणी दिलं.

एक गोष्ट राहिली. कापताना की सुजेमुळे, माझ्या खालच्या ओठाची डावी बाजू आणि हनुवटी बधिर झालीय. तीन महिने होत आले. चहा ओघळला तर कळत नाही. परवा जेवताना ओठ चावला गेला, रक्त पदरावर पडलेलं अम्मींनी बघितलं तेव्हा मला समजलं. देवचके बाईंना परत दाखवलं. त्यांनी टाचणी टोचून बघितली. म्हणाल्या, येईल परत, पण सावकाश. आधी मुंग्या येतील, मग टोचल्यासारखं होईल, मग चांगलंच दुखेल. “दुखायला लागलं की पेढे घेऊन या.” अजून पेढे न्यायची वेळ आलेली नाही.

इथपर्यंत लिहिताना मला अडचण आली नाही. दवाखान्याचं सांगणं सोपं असतं. आता पुढचं.

दाढ पहिल्यांदा दुखली ती तुम्ही गेलात त्याच वर्षी, दिवाळीच्या सुमाराला. आपल्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दिवसा बरी असायची, आडवं झालं की ठणकायची. मी उशीत तोंड खुपसून रडायचे. अम्मी लवंग आणून द्यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या. खरं सांगते, त्या दाढेचं मला फार बरं पडलं. नवरा परदेशात गेला म्हणून रोज रडणारी सून कुणाला चालते? लोक म्हणतात, पोटापाण्यासाठी गेलाय, हिला कसली एवढी घाई? पण दाढ दुखते म्हणून रडलं तर सगळे हळहळतात. म्हणून मी दोन्हीसाठी एकदमच रडून घ्यायचे.

मग एके दिवशी दाढ थांबली. त्याच दिवसांत रडूही थांबलं. मला वाटलं, चला, सवय झाली, आता आपण या घरच्या झालो. मी कामाला लागले. अम्मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आमची शमीम किती समजूतदार. मलाही ते ऐकायला आवडायचं.

तुम्ही मध्ये सुट्टीवर आलात. एवढी माणसं, एवढी ऊठबस, सामानाच्या पेट्या, आणि शेवटी आपण दोघं एका खोलीत. तेव्हा माझ्या हिरडीवर एक फोड असायचा, फुटायचा, परत यायचा. दुखत नसे. देवचके बाईंनी आता सांगितलं, आतला पू बाहेर पडावा म्हणून शरीरानं काढलेली ती मोरी होती. तोंडाला त्याची चव असायची, वासही असणार. तुम्ही एकदा तोंड फिरवलंत. काही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. मला वाटलं, तिकडे राहून तुमचं मन उडालं. तुम्हाला काय वाटलं कोण जाणे. दोघंही छताकडे बघत पडलो, आणि सकाळी मी पराठे केले. तुम्ही परत गेलात तेव्हा विमानतळावर अम्मी रडल्या, जहीरभाई रडले. मी पिशव्या मोजत होते.

तोंड फिरवल्याचा राग धरून हे लिहीत नाहीये. राग असता तर बरं झालं असतं. मी दवाखान्यातून आल्यापासून शोधतेय की राग कुठं आहे, रडू कुठं आहे. केसरबाई म्हणतात, “येवढं मरणाच्या दारातनं आलीस, नवऱ्याला बोलाव की गं.” मी म्हणते, हो. आणि वाटाणे सोलत बसते. तुमचा फोटो भिंतीवर आहे, रोज पुसते, कॅलेंडर पुसते तसाच. तुमचं पत्र आलं की पोरीबाळी माझ्याकडे बघून हसतात. मीही लाजल्यासारखं करते, कारण त्यांना तसं बघायचं असतं.

तर तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर.

सही करू नका.

अम्मींना वाईट वाटेल. चाकणचं गॅरेज लांबेल. जहीरभाई आठवडाभर माझ्याशी बोलणार नाहीत आणि मग कॉम्प्रेसरबद्दल बोलायला लागतील. ते सगळं मी बघून घेईन. तुम्ही आल्यावर इथं काय कराल, याच गॅरेजात दोघांचं भागेल का, ते मला माहीत नाही. तेही बघू.

तुमच्यावाचून करमत नाही म्हणून या, असं लिहिता आलं असतं तर किती सोपं होतं. पहिल्या वर्षी ते खरं होतं, तेव्हा लिहायची सोय नव्हती. आज लिहायची सोय आहे आणि ते खरं नाही. मला तुमची आठवण येत नाही. म्हणूनच या. आणखी दोन वर्षांनी आलात तर मी तुम्हाला पाणी तापवून देईन, जेवायला वाढीन, तुम्ही म्हणाल ते करीन, आणि तुम्ही घरात आहात की नाहीत यानं मला काही फरक पडणार नाही. लोक म्हणतील, सोन्यासारखी बायको. तुम्हीही म्हणाल. त्याची मला भीती वाटते. सध्या मला काही वाटतं म्हणण्यासारखं एवढंच आहे, तेवढं राहिलंय तोवर या.

आलात की मी कदाचित फार वाईट वागेन. ओरडेन. पाच वर्षांचं एकदम काढीन. तुम्ही मुकाट्यानं ऐकून घ्या, आणि तुमचंही काही असेल तर बोला. तोंड फिरवू नका.

तुम्हाला दोन पत्रं मिळतील, दोन्ही माझ्याच अक्षरातली. सोमवारच्या पत्रात सगळं घर आहे. यात कुणी नाही. कुठलं खरं मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी परत विचारणार नाही.

उत्तर द्याल तेव्हा पाकिटावर जहीरभाईंचं नाव घालू नका. माझं घाला.

शमीम